जानरावच्या गाडीचा क्लच

त्या पूस महिन्यात आमच्या घरी दोनच गोष्टी चालू होत्या, थंडी आन गाडीचं भांडन. थंडी तं भिलाईजवळच्या आमच्या साऱ्या चरोद्यातच होती. गाडीचं भांडन आमचं खास.

आमचे हे, जानराव, भिलाईच्या स्टील प्लांटात ठेकेदाराकडे फिटर. सकाळी धुक्यातच गाडी काढत. किक मारली, इंजिन लागलं, पहिला गियर टाकला का खट्ट! असा आवाज का शेजारची कुत्री भुंकायले लागे. गाडी एक उडी घे, हे सीटवर मागं सरकत, सावरत, आन मंग जात.

"माय वं, एखाद दिवशी मान मोडन," मी दारातून म्हनलं.

"ऑइल थंड हाय. थंडीत ऑइल घट्ट होते, क्लचच्या प्लेटा एकमेकीले चिपकते. तुले काय समजते?"

मले काय समजते! सारा जलम या मानसाच्या मागच्या सीटवर बसून काढला. लग्नानंतर आमगावकडून इकडे आलो तवापासून दवाखाना, बाजार, दीक्षाभूमी, सारं त्याच सीटवरून. थोडंबहुत मलेबी समजत असन का नाई?

पन गाडी आमच्या यायची, म्हंजे जानरावची, अन् तिच्या बाबतीत हे कोनाचं ऐकत नसत. गाडी कोनाले चालवायले देत नसत. पोरगी सुनिता स्मृति नगरात एका दुकानात जाते, तिची स्कुटी वेगळी. तिनंबी कधी बाबाच्या गाडीले हात नाई लावला.

पयलं यायनं केबल ताणली. चार दिवस बरं वाटलं, मंग पुलावर चढताना इंजिन नुसतं बोंबले अन् गाडी पुढे सरकेच ना. जास्त ताणली तं क्लच सुटते, असं हे स्वतःच म्हनले, आन केबल ढिली केली. लिव्हर हातात हलकी झाली. "आता कशी मऊ लागून राहिली, पाह्य," म्हनले. मऊ झाली खरी, पन खट्ट आवाज पयल्यापेक्षा वाढला. सिग्नलवर न्यूट्रल लागे ना. मागचे हॉर्न मारत, आन हे पायानं गियर वरखाली करत उभे.

मंग ऑइल बदललं. मंग नवी केबल टाकली. आन एका रविवारी आंगनात पोतं अंथरून क्लचच खोलला.

मानूस कामात असला का पाहात राहावंसं वाटते, हे खरं. एक एक प्लेट काढली, फडक्यानं पुसली, उन्हात धरून पाह्यली. नव्या प्लेटा ऑइलात भिजू घातल्या. सुनिता चहा घेऊन आली तं म्हने, "बाबा, मेकॅनिकको दिखा दो ना. कावून एवढी मेहनत करता?"

"मेकॅनिक काय करते? माह्यासमोर माहीच गाडी खोलन?" हे हासले. "आमच्या डिपार्टमेंटात नियम हाय, बाई. ऑपरेटरची कंप्लेंट आली का मशीन खोलायची. ऑपरेटरले तोंडावर कधी म्हनायचं नाई, का तुलेच चालवता येत नाई. तो रोज मशीनीवर बसते, त्याच्या हाताले जे समजते ते आपल्याले नाई समजत."

अन् इथंच सारं चुकलं. कारन इथं ऑपरेटरबी हेच, आन फिटरबी हेच. ऑपरेटर म्हने गियर अडते, आन फिटर इमानदारीनं मशीन खोले.

नव्या प्लेटा टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, खट्ट!

मले हासू आलं, ते मी पदरात दाबलं. यायच्या तोंडावरचं पाहून मंग हासूबी गेलं.

शेवटी एका दुपारी मले बाजारातून लसून घ्यायचा होता, तं मी मागं बसली, आन यायनं गाडी सरळ पॉवर हाऊस भागात राजकुमार मिस्त्रीच्या दुकानावर नेली. हे मिस्त्रीकडे गेले हेच लय होतं.

राजकुमारनं सारं ऐकून घेतलं. मंग पयलं काम काय केलं, तं पाना घेऊन केबल जागेवर आनली. "चाचा, एवढी ढिली कोनं केली?" म्हने. मंग तो गाडीवर बसला, क्लच दाबला, गियर टाकला.

आवाजच नाई. लोण्यात सुरी घातल्यावानी गियर पडला. तो पार चौकापर्यंत गेला, वळून आला, आमच्यासमोर एक-दोन-तीन, तीन-दोन-एक करून दाखवलं, थांबून न्यूट्रल लावलं. पायाच्या अंगठ्यानं.

"कुछ नहीं है, चाचा. गाडी एकदम मस्त हाय. पैसे बी नको."

हे गाडीवर बसले. मी मागं बसली. यायनं गियर टाकला. खट्ट.

राजकुमार दुकानात वळला होता, तो थांबला. त्यानं आमच्याकडे पाह्यलं, आन मंग मुद्दाम पाना हुडकायले लागला. त्याले समजलं होतं. आन मलेबी तवाच समजलं, कारन मी मागून पाहून राहिली होती. यायच्या डाव्या हाताची बोटं लिव्हरवर होती, पन ती मुठीपर्यंत येतच नव्हती. अर्ध्यात थरथरत थांबत. आन हे पुढं पाहत, हाताकडे पाहतच नव्हते.

घरी येईस्तोवर मी लसनाची गोष्ट काढली नाई. लसून राहूनच गेला.

काई गोष्टी बोलल्या का भांडन होते, म्हनून मी दोन-चार दिवस गप राहिली. पन मन काई गप राहत नाई. मंग दिसायले लागलं. हे सदऱ्याचे बटन उजव्या हातानंच लावत. चहाचा कप डाव्या हातात घेत नसत. झोपेतून उठून हात झटकत बसत, अन् मी जागी झाली का म्हनत, "मुंग्या आल्या, थंडी हाय." इतकी थंडी तं भिलाईले कधी पडली नाई, बाप्पा!

मंग गोधडी धुवायचा दिवस आला. आमच्या घरी जाड गोधडी पिळायचं काम दोघायचं असते. एका टोकाले मी, एका टोकाले हे. मी उजवीकडे मुरगाळायचं, यायनं डावीकडे. लग्न झालं तवापासून असंच. यायच्या टोकाले एवढा जोर राहे का मीच ओढल्या जाऊ, आन हे मुद्दाम आनखी मुरगाळत, मले चिडवायले.

त्या दिवशी मी मुरगाळलं आन यायच्या हातातून टोक सुटलं. गोधडी चिखलात पडली. सारं पानी माह्या पायावर.

"नीट धरता येत नाई का तुले?" हे माह्यावर ओरडले.

मले राग आला, पन राग बाहेर यायच्या आधी रडू आलं. "मी धरलं होतं जी. सुटलं तुमच्या हातून. अन् गाडी बी चांगली हाय. राजकुमार बसला तं एक आवाज नाई आला. हात पाहा तुमचा. गाडी नका पाहू, हात पाहा!"

हे चिखलातली गोधडी तशीच टाकून आत गेले, आन टीव्ही लावून बसले. त्या सांजी जेवाले बसलो तं सुनिता एकदा माह्याकडे पाहे, एकदा त्यायच्याकडे.

दुसऱ्या दिवशी यायची सुट्टी होती. मी भाजी निवडत होती, तं आंगनातून इंजिनचा आवाज आला. खिडकीतून पाह्यलं तं गाडी डबल स्टँडवर उभी, मागचं चाक अधर. हे उकिडवे बसले होते. क्लच डाव्या हातानं दाबून गियर टाकला, खट्ट आवाज आला, आन चाक फिरायले लागलं. क्लच दाबलेला असून फिरून राहिलं, पुरा दाबल्या गेला असता तं फिरलं नसतं. बराच वेळ हे त्या चाकाकडेच पाहात राहिले.

मंग उठले. दोरीवरचं माह्या जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं. लिव्हर उजव्या हातानं पार मुठीपर्यंत ओढून फडक्यानं घट्ट बांधली. वळसा घालून डावीकडे आले, हातानंच गियर खाली दाबला. आवाज नाई. चाक हललं न हललं असं होऊन थांबलं.

फडकं सोडलं. पुन्हा डाव्या हातानं दाबलं. खट्ट. पुन्हा फडकं बांधलं. पुन्हा सोडलं. असं किती वेळ केलं त्यायलेच माहीत. मले पाहावल्या गेलं नाई, मी भाजीत तोंड घातलं.

थोड्या वेळानं इंजिन बंद झालं. हे आत आले, माह्यासमोर पाटावर बसले आन डावा हात माह्या मांडीवर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा असते ना, तिथं खड्डा पडला होता. मी तो हात दोन्ही हातात धरला. इतके दिवस एका घरात राहून, एका खाटेवर झोपून मले तो खड्डा दिसला नव्हता.

"चाल," हे म्हनले, "कोनता डॉक्टर पाह्यचा, सांग."

सुनिताच सुपेल्यात एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनं आपली दोन बोटं पुढे केली आन म्हनलं, दाबा. यायनं उजव्या हातानं दाबली तं मॅडम "बस, बस" म्हनली. डाव्यानं दाबली तं तिनं काईच म्हनलं नाई. तपासन्या झाल्या. मनगटात नस दबली, म्हने. इतकी वर्षं घन मारला, मशीनीचे हादरे खाल्ले, त्याचं हे. ऑपरेशननं मुंग्या थांबन, दुखनं थांबन, ताकद किती वापस येईन ते सांगता येत नाई. तवर जड काम बंद.

"बंद," हे परत येताना रिक्षात म्हनले. "म्हंजे माघातला शटडाऊन होऊन जाऊ दे, मंग बंद."

आता हे समजायले त्यायचं काम समजायले पाह्यजे. शटडाऊन म्हंजे मिल बंद ठेवून मोठी दुरुस्ती. त्यात जो मानूस असते त्याले ठेकेदार पुढच्या वर्षी ठेवते. जो नसते त्याच्या जागी दुसरा येते. आन आमचे हे त्या कामात एकटे नसते. त्यायची जोडी हाय, बाबुलाल. हे सब्बल, म्हंजे पहार, घालून रोलर उचलून धरते, अन् बाबुलाल त्या रोलरच्या खाली हात घालून लोखंडाची पाचर सरकवते. उचलनाराची सब्बल एकदा घसरली तं खालचा हात गेला. मोडला नाई म्हनत मी, गेला.

"आन बाबुलालचा हात?" मी इचारलं.

"आजवर सुटली का माही सब्बल?"

"गोधडी सुटली."

"गोधडी ओली होती!"

"अन् सब्बलीले ऑइल नसते?"

सुनितानं मधी पडून म्हनलं, "आई, बस कर. रिक्षावाला सुन रहा है." मी कावून बस करू? ऐकू दे त्याले.

दोन दिवस घरात हेच. हे म्हनत, सुपरवायझरले सांगितलं तं गेटपास जमा करा म्हनन. गेटवरून एकदा बाहेर निघालो तं या वयात मले कोन आत घेईन? पोरीचं लग्न अजून व्हायचं हाय. दुकानात बसून मी काय बिस्किटं विकू? आन बोलता बोलता त्यायचा आवाज असा व्हाये का मलेच वाटे, जाऊ दे, नको सांगू, एक महिन्याची तं गोष्ट हाय. पन मंग मले बाबुलालची बायको मैनाबाई दिसे. सुनिता लहानपनी तापानं फणफणली होती तं ही बाई माह्या घरी येऊन राहिली, माही भांडी घासली. तिच्या नवऱ्याचा हात रोलरखाली गेला तं मी कोनत्या तोंडानं तिच्या दारात उभी राहीन?

मी शाल घेतली. "कुठं चालली?" हे म्हनले.

"देवबलोद्याले. मैनाबाईले सांगाले. तुमच्यानं होत नाई तं मी सांगतो."

हे उठले नाई. मी चपला घातल्या, फाटक उघडलं, रस्त्याले लागली. लय दूर गेली नव्हती, तं मागून गाडी आली. हे माह्या बाजूले थांबले, पायानं गाडी टेकवली.

"बस."

सारा रस्ता यायनं गाडी दुसऱ्या गियरवरच चालवली. इंजिन बोंबलून राहिलं, मागचे हॉर्न देऊन राहिले, पन यायनं गियर बदलला नाई.

बाबुलालच्या आंगनात ऊन होतं. मैनाबाई खाटेवर कापड टाकून कोहळ्याच्या बड्या, सांडग्यावानी, घालून राहिली होती, तिचे हात कोपरापर्यंत डाळीच्या पिठात. बाबुलाल टाचेच्या भेगांले तेल लावत बसला होता. आमाले पाहून दोघंबी हासले. बाबुलाल छत्तीसगढी बोलते, यायले भैया म्हनते. मी आपल्या बोलीत सांगतो.

"भैया, सुट्टीच्या दिवशी? भाभीले घेऊन? बसा, बसा."

हे बसले नाई. उभ्याउभ्याच म्हनले, "बाबुलाल, माहा डावा हात गेला."

बाबुलालनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"नस दबली. पकड राहिली नाई. शटडाऊनमंदी माह्या सब्बलीखाली हात नको घालू. हेच सांगाले आलो."

मैनाबाईनं हात थांबवले. बाबुलाल जमिनीकडे पाहून राहिला होता, आन मले नवल वाटलं, का याले नवल कसं वाटलं नाई.

"मी घालतच नाई, भैया," तो हळूच म्हनला. "दिवाळीपासून नाई घालत."

"काय नाई घालत?"

"हात. सळईचा लांब चिमटा बनवून घेतला ना मी. पाचर त्या चिमट्यानंच सरकवतो. दिवाळीच्या आधी एकदा तुमची सब्बल हलली होती. एवढीशीच. तुमाले समजलं नाई. मले समजलं."

यायचं तोंड मी पाह्यलं. तसं तोंड मी यायच्या मायच्या मयतीतबी नव्हतं पाह्यलं.

"आन मी तुले त्या चिमट्यावरून हासलो," हे म्हनले. "कामावरच्या साऱ्या पार्टीसमोर हासलो. म्हातारा झाला, भ्याले लागला, म्हनलो."

"हासले तं हासले."

"मले सांगितलं कावून नाई, बे?"

बाबुलालनं खांदे उडवले. "तुमाले कसं सांगू, भैया? तुमीच तं मले सब्बल धराले शिकवलं. आन शटडाऊनचं आपन पाहून घेऊ. चिमटा हाय. जिथं जोर लागन तिथं मी तुमच्याकडून येतो, दोघं मिळून दाबू. कोनाले पत्ताबी नाई लागनार."

हा मानूस लपवाले तयार होता. मले वाटलं, आता हे हो म्हनतील. सारं बसत होतं. पास राहत होता, काम राहत होतं, बाबुलालचा हातबी राहत होता. मी यायच्याकडे पाह्यलं, आन खरं सांगतो, हो म्हना, असंच माह्या मनात आलं.

"आन दोघं वर दाबून राहिलो तं खाली कोन राहीन?" हे म्हनले. "नवा कोनी पोट्टा देतील खाली. त्याच्यापाशी चिमटा नसन."

यायनं फोन काढला. डाव्या हातात धरता येत नव्हता, तं बाजूच्या ओट्यावर ठेवला आन उजव्या बोटानं स्पीकरवर लावला. सुपरवायझर भूपेंद्र साहेब. तो घरीच होता, मागं टीव्ही चालू होता. यायनं सारं सांगितलं, कोनाचं नाव न घेता, हाताचं, डॉक्टरचं. आवाज हलला नाई. तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. साहेब मंग म्हनला, दादा, बरं झालं सांगितलं, पन मंग पास जमा करावा लागन. ऑपरेशन झाल्यावर पाहू.

"पाहू," हे म्हनले, आन फोन बंद केला.

पाहू म्हंजे काय ते आमाले चौघायलेबी माहीत होतं. मैनाबाईनं पिठाचे हात तसेच ठेवून मनगटानं डोळे पुसले. माहे तं कवापासूनच वाहून राहिले होते.

हे आता खाटेच्या कडेवर बसले, बड्यायपासून जागा सोडून. "माह्या जागी कोनीबी येऊ दे," म्हनले, "कितीबी चांगला असो, पयले काई दिवस चिमटाच ठेवजो. हात नको घालू."

"पयले काई दिवस?" बाबुलाल म्हनला. तो रागावल्यावानी बोलला. "भैया, दुसऱ्याच्या सब्बलीखाली मी कधीच हात नाई घातला. ना तुमच्या आधी, ना तुमच्या नंतर घालीन. हात मी फक्त तुमच्याच खाली घातला."

आमच्या यायनं मान खाली घातली. डावा हात उजव्या हातात घेऊन बसून राहिले. मैनाबाई चहा ठेवाले उठली, आन मी तिच्या मागं चूल पेटवाले गेली.